पेशवे दफ्तराचे रुमाल कोणी उघडले? जाणून घ्या रियासतकार सरदेसाईंविषयी

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि पेशव्यांची कागदपत्रं इंग्रजांच्या ताब्यात गेली. कोणाचं इनाम खरं, कोणाचं खोटं, हे तपासायला सरकारला ती हवी होती. इतिहास संशोधकांना मात्र तिथे सहज प्रवेश नव्हता. वि. का. राजवाडे यांच्यासारख्यांनी गावोगावच्या जुन्या घराण्यांकडून कागद गोळा केले. पुण्यातला सर्वात मोठा साठा बंदच राहिला.

कोण होते सरदेसाई?
गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या गोविल गावचा. १८८९ पासून ते बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या सेवेत होते. राजपुत्रांना शिकवताना काढलेल्या टिपणांतूनच पुढे 'रियासत' ग्रंथमाला उभी राहिली. १९२५ मध्ये निवृत्त होऊन ते कामशेतला राहायला गेले.

दफ्तरात काय केलं?
साठी उलटल्यावर खरं काम हाती आलं. इतिहासकार जदुनाथ सरकार यांचा पाठिंबा होता. कापडात बांधलेले हजारो रुमाल सोडायचे, मोडीतले कागद वाचायचे, निवडक कागद छापायचे. १९३० ते १९३४ या काळात निवडीचे ४५ खंड निघाले.

महत्त्व काय?
सरकारी कुलपातले कागद आता ग्रंथालयात कोणालाही वाचता येऊ लागले. राजवाडे मात्र हे पाहायला नव्हते; १९२६ मध्येच त्यांचं निधन झालं होतं.

सरदेसाईंना १९५७ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९५९ मध्ये त्यांचं निधन झालं. मूळ रुमाल आजही पुण्याच्या पुरालेखागारात आहेत. ते वाचायला मोडी मात्र यायला हवी.