बुऱ्हाणपुरात संपलेला शहजादा : दानियालचा शौक आणि बंदुकीतली दारू

निंबोला (जि. बुऱ्हाणपूर) : बुऱ्हाणपूरहून असीरगडाकडे निघालं की वाटेत निंबोला लागतं. या रस्त्याच्या शेवटी उभा असलेला गड अकबर बादशहाने जानेवारी १६०१ मध्ये बहादूर खान फारुकीकडून घेतला आणि खानदेश मोगलांच्या ताब्यात गेला. नव्या मुलखाचा कारभार त्याने सर्वात धाकटा मुलगा दानियाल याच्याकडे दिला. त्याच्या नावावरून खानदेशाचं नावही काही काळ दानदेश झालं. आणि चारेक वर्षांतच हा शहजादा बुऱ्हाणपुरात दारूपायी मेला.

दानियालचा जन्म सप्टेंबर १५७२ चा, अजमेरचा. ख्वाजा मोइनुद्दीन चिश्तींच्या दर्ग्याच्या एका सेवेकऱ्याच्या घरी तो जन्मला. त्या सेवेकऱ्याचं नाव शेख दानियाल, तेच बाळाला मिळालं. अकबर तेव्हा गुजरातच्या मोहिमेवर निघाला होता, म्हणून तान्ह्या मुलाला आंबेरच्या राजा भारमलच्या राणीकडे सांभाळायला पाठवलं गेलं.

मोठेपणी त्याला दक्षिणेवर धाडलं, तेव्हा सोबतीला अब्दुल रहीम खानखाना होता. दोहे लिहिणारा रहीम तो हाच, आणि नात्याने दानियालचा सासरा. रहीमची मुलगी जाना बेगम दानियालला दिलेली होती. ऑगस्ट १६०० मध्ये या दोघांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. पुढे १६०४ मध्ये विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीशी दानियालचं लग्न गोदाकाठी पैठणला झालं. नवरीसोबत इतिहासकार फरिश्ताही आला होता. थोडक्यात काय, तिशीतल्या या माणसाकडे सत्ता, पैसा, मोठं सासर सगळंच होतं.

शौकही तसेच. त्याचा भाऊ सलीम, म्हणजे पुढचा बादशहा जहांगीर, याने आपल्या आत्मचरित्रात ते लिहून ठेवलेत. दानियालला हत्ती-घोड्यांचं वेड होतं. कुणाकडे चांगलं जनावर आहे असं कानावर आलं की ते त्याच्याकडून घेतल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. हिंदवी गाणं आवडायचं, त्या बोलीत तो कविताही करायचा. शिकार आणि बंदुकाही जीव की प्राण. तापीपलीकडचा आहुखाना त्याच्याच शिकारीसाठी होता असं सांगतात. एका लाडक्या बंदुकीला त्याने ‘यक्का ओ जनाजा’ असं नाव ठेवलं होतं. त्या बंदुकीची गोळी लागली की थेट तिरडीच, असा त्याचा अर्थ.

या सगळ्या शौकांवर दारूने मात केली. त्या काळची कडक दारू कशी बनायची, हे अबुल फजलच्या ऐन-ए-अकबरीत दिलेलं आहे. ऊस कुटायचा, बाभळीची साल आणि तिप्पट पाणी घालायचं, भरलेले रांजण जमिनीत पुरून भोवती घोड्याची वाळकी लीद रचायची. सात ते दहा दिवसांत ते आंबलं की भट्टीवर चढवायचं. एकदा गाळलेली पुन्हा गाळली की ती दो-आतशा, म्हणजे दोनदा तापवलेली. या दारूत हात भिजवून आगीजवळ धरला तर दारूच पेट घेते आणि हाताला काही होत नाही, इतकी ती कडक.

अकबराने याच दारूपायी एक मुलगा आधीच गमावला होता. शहजादा मुराद १५९९ मध्ये वऱ्हाडात पूर्णेकाठी गेला. म्हणून दानियालच्या बातम्या येऊ लागल्या तसे बादशहाचे हुकूम सुटले. रहीमने जावयाभोवती पहारे बसवले, दारू पूर्ण बंद केली. शहजादा रडला, नोकरांच्या विनवण्या करू लागला. काही करा पण आणा, एवढंच त्याचं मागणं.

शेवटी मुर्शिद कुली नावाचा जवळचा बंदूकवाला तयार झाला. शहजाद्याच्या मर्जीसाठी त्याने ‘यक्का ओ जनाजा’च्याच नळीत दो-आतशा भरली आणि पहाऱ्यातून आत नेली. बंदुकीवर कुणाला शंका येणार?

दारू ज्या भांड्यात राहते त्याचा गुण घेते. अमेरिकेतली बरबन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच ठेवावी लागते, तसा तिथला कायदाच आहे. तिचा रंग आणि बरीचशी चव त्या लाकडातून येते. निवडक पिंपांतल्या मोजक्या बाटल्या जमवायला आजचे शौकीन वाटेल तो पैसा मोजतात. दानियालच्या दारूला मात्र लोखंडी नळीतला गंज आणि जुन्या बारुदीचा वास लागला. जहांगीर लिहितो की ती पिताच तो कोसळला आणि परत उठला नाही. साल १६०५. वयाची तेहतिशीही पूर्ण झाली नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात अकबरही गेला. दानियालची तहमूरस आणि होशंग ही दोन मुलं पुढे १६२८ मध्ये शाहजहानच्या हुकमाने मारली गेली.

गंमत अशी, की हे लिहिणारा सलीमही काही कमी नव्हता. दिवसाला दो-आतशाचे वीस पेले घेत होतो, हात इतके थरथरत की पेला दुसऱ्याने धरावा लागे, असं त्याने स्वतःच कबूल केलंय. पण हकीम हुमामने त्याला स्पष्ट सांगितलं की हे असंच चाललं तर सहा महिन्यांनी औषधाचाही उपयोग होणार नाही. सलीमने ऐकलं आणि हळूहळू पेले कमी केले. दारू त्याचीही सुटली नाही, पण त्यानंतर तो बावीस वर्षं गादीवर बसला.

त्याच्या मुलाला मात्र हे जमलं नाही. शहजादा परवेजही १६२६ मध्ये बुऱ्हाणपुरातच दारूने गेला.

आहुखान्यात येणाऱ्यांना मुमताजमहलची पहिली कबर दाखवतात, दानियालचं नाव क्वचितच निघतं. खरं तर त्याची गोष्ट आजच्या घरांच्या जास्त जवळची आहे. बापाचा हुकूम होता, सासऱ्याचा पहारा होता, तरी दारू घरात आली, आणि आणणारा रोजच्या उठबशीतलाच माणूस होता.