क्विनाइनची निळाई

स्टोक्स म्हटलं की आम्हा डॉक्टरांना मरणासन्न रुग्णाचं चेन-स्टोक्स श्वसन आठवतं. ते स्टोक्स म्हणजे डब्लिनचे वैद्य विल्यम. मी सांगतोय ते जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांच्याबद्दल. जन्म १८१९चा, आयर्लंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरी. केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते १८४१ साली पहिले आले. १८४९मध्ये, एकेकाळी न्यूटन यांच्याकडे असलेलं प्राध्यापकपद त्यांना मिळालं आणि १९०३मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याचकडे राहिलं.

मलेरियासाठी आम्ही वर्षानुवर्षं सलाइनमधून दिलेल्या क्विनाइनच्या द्रावणावर उन्हात निळसर झाक दिसते. ती का? १८५२मध्ये स्टोक्स यांनी सूर्यप्रकाश लोलकातून पसरवला आणि क्विनाइनची परीक्षानळी एकेका रंगातून सरकवत नेली. लाल, हिरव्या रंगांत काहीच घडलं नाही. जांभळ्याच्या पलीकडे, डोळ्यांना निव्वळ अंधार दिसतो तिथे, नळी निळी उजळली! न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून द्रावण कमी ऊर्जेचा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकत होतं. फ्लोरस्पार या खनिजावरून त्यांनी या गुणाला ‘फ्लुरोसन्स’ म्हटलं.

पुढे ३१ वर्षं रॉयल सोसायटीचं सचिवपद सांभाळताना इतरांचे निबंध तपासण्यातच त्यांचा बराच वेळ गेला. विज्ञानाचं त्यात नुकसान झालं, असं मला वाटतं. तरी १८६९मध्ये त्यांनी एक बारीक गोष्ट टिपली: क्विनाइनच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं की निळाई मंदावते.

त्या मंदावण्यावरच आज भूसुरुंग शोधता येतात. सुरुंगातल्या टीएनटीची वाफ अगदी नगण्य असते. १९९८मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत टिमोथी स्वॅगर यांच्या गटाने चमकणाऱ्या पॉलिमरचा, जाडी नॅनोमीटरमध्ये मोजावी इतका पातळ थर वापरला. टीएनटी इलेक्ट्रॉनची भुकेली. तिचा एक रेणू थरावर बसला की उत्तेजित इलेक्ट्रॉन तो खेचून घेतो आणि चमक विझते. पॉलिमरच्या लांब साखळीवरून ऊर्जा इकडून तिकडे फिरत असते, त्यामुळे एका रेणूने साखळीचा मोठा भाग काळवंडतो. या थरावर बेतलेली हातात धरायची उपकरणं पुढे प्रत्यक्ष सुरुंगांवर तपासली गेली. जमिनीजवळची हवा आत ओढायची आणि चमक उतरते का, एवढंच पाहायचं.