लोकनायक अणे आणि पुसदचा विळा

शेतकऱ्याच्या घरात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त वापरले जाणारे पाते कोणते, असे विचारले तर यवतमाळ जिल्ह्यात उत्तर मिळेल ते विळ्याचे. गवत कापायला, ज्वारी सोंगायला, बांधावरची झुडपे छाटायला तोच. सकाळी शेतात जाताना तो कमरेला खोचला जातो आणि संध्याकाळी घराच्या आढ्याला अडकवला जातो. या साध्या अवजाराने वऱ्हाडच्या राजकीय इतिहासात एकदा मोठे काम केले. १० जुलै १९३० रोजी पुसद येथे एका विद्वान वकिलाने विळा हाती धरून सरकारी जंगलातील गवत कापले आणि स्वतःला अटक करवून घेतली. ते वकील म्हणजे लोकनायक माधव श्रीहरी उर्फ बापूजी अणे.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० रोजी वणी येथे झाला. घरात संस्कृत विद्येचे वातावरण होते. नागपूरच्या मॉरिस कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. काही काळ अमरावतीला शिक्षकी केली आणि कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी मिळवून १९०८ मध्ये यवतमाळला वकिली सुरू केली. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा होऊन मंडालेला पाठविण्यात आले. बापूजी टिळकांचे निष्ठावंत अनुयायी होते. होमरूलच्या चळवळीत ते पुढे आले आणि १९२१ पासून वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे राहिले.

टिळकांच्या अनेक अनुयायांप्रमाणे बापूजींनाही कौन्सिलवरील बहिष्कार पटला नव्हता. कायदेमंडळात शिरून सरकारला जाब विचारावा, मिळेल तेथे हक्क पदरात पाडून घ्यावेत, हा त्यांचा मार्ग. त्यासाठी ते स्वराज्य पक्षात गेले, मध्यवर्ती कायदेमंडळात बसले आणि पुढे प्रतियोगी सहकारितेचा पक्ष त्यांनी जवळ केला. १९२८ मध्ये भारताच्या भावी राज्यघटनेचा आराखडा करणाऱ्या मोतीलाल नेहरू समितीच्या अहवालावर सही करणाऱ्यांत ते होते. म्हणजे मुळात हा मनुष्य कलमांचा आणि युक्तिवादाचा. महात्माजींशी त्यांचे मतभेद कोणापासून लपलेले नव्हते. तरीही देशाने लढा पुकारल्यावर ते बाजूला उभे राहिले नाहीत.

एप्रिल १९३० मध्ये दांडीला मीठ उचलले गेले आणि देशभर मिठाचा कायदा मोडण्यास सुरुवात झाली. वऱ्हाडापुढे मात्र अडचण होती. समुद्र शेकडो किलोमीटर दूर. अकोला जिल्ह्यात खारपाणपट्ट्यातील दहीहंडा येथे खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करण्यात आले. परंतु यवतमाळ, पुसद, वणीच्या डोंगराळ मुलखात तोही मार्ग नव्हता. शिवाय मृगाचा पाऊस पडू लागल्यावर पाणी आटवून मीठ करणे कोठेही कठीणच. तेव्हा येथील माणसाला रोज जाचणारा आणि येथल्या येथे मोडता येण्याजोगा कायदा शोधणे भाग होते.

तो जंगलाचा कायदा होता. सागवानाची जंगले आणि गवताचे रमणे सरकारने राखीव केले होते. ज्या रानात आजोबा-पणजोबांनी गुरे चारली, तेथे आता चराईची फी भरावी लागे. गवताचा भारा आणायचा तर परवाना हवा, नाही तर दंड. बैल हीच ज्याची सारी मालमत्ता, त्या कोरडवाहू कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हा जाच मिठाच्या करापेक्षा कमी नव्हता. म्हणून वऱ्हाडातील पुढाऱ्यांनी जंगल सत्याग्रहाचा निर्णय घेतला आणि पहिला मान पुसदला मिळाला.

या निवडीतील शहाणपण आज नीट पाहिले पाहिजे. कुऱ्हाड उचलली असती, तर साग पडला असता आणि सरकारला नासधूस झाल्याचा कांगावा करता आला असता. विळ्याने फक्त गवत कापले जाते, आणि कापलेले गवत पुन्हा वाढते. विळ्यासाठी वर्गणी गोळा करावी लागत नाही की तो शहरातून मागवावा लागत नाही. गावचा लोहार तो घडवून देई, बोथट झाला की पाजवून देई आणि सुगीत आपले बलुते धान्याच्या रूपाने घेई. लढ्यात उतरू इच्छिणाऱ्या गरिबातील गरीब माणसाच्या घरी तो आधीच होता. तो कसा धरावा, हे कोणाला शिकवण्याची गरज नव्हती. उलट शिकण्याची वेळ आली असेल, तर ती पांढरपेशा वकील-डॉक्टरांवर!

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात गवत कोवळे असते. कापणीचा खरा हंगाम पावसाळा सरल्यावर येतो. त्या दिवशी कापल्या गेलेल्या गवताला बाजारात किंमत ती काय असणार? पण त्या मूठभर गवतासाठी सरकारला कायदेमंडळात बसलेल्या एका मान्यवर पुढाऱ्याला तुरुंगात पाठवावे लागले. बापूजींना सहा महिन्यांची शिक्षा झाली. कायदा किती अन्यायाचा आहे, हे दाखविण्यासाठी कोर्टात केलेल्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हा पुरावा अधिक बोलका होता.

पुसदनंतर हे लोण झपाट्याने पसरले. २१ जुलै रोजी यवतमाळजवळ डॉ. केशव बळिराम हेडगेवार यांनी सत्याग्रह केला आणि त्यांना नऊ महिन्यांची शिक्षा झाली. मध्य प्रांतात आदिवासी मोठ्या संख्येने उतरले. कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन सत्याग्रहींचे बळी गेले.

बापूजींचे पुढील आयुष्य सरळ रेषेत गेले नाही. १९३१ मध्ये बंगाल काँग्रेसमधील तंटा सोडविण्यासाठी लवाद म्हणून त्यांची नेमणूक झाली. १९३३ मध्ये त्यांनी काँग्रेसचे हंगामी अध्यक्षपद सांभाळले आणि त्या वर्षीच्या पुणे परिषदेचे सूत्रसंचालन केले. पुढच्याच वर्षी जातीय निवाड्याच्या प्रश्नावर ते पंडित मदनमोहन मालवीयांसह वेगळे झाले. १९४१ मध्ये त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात जागा स्वीकारली, तेव्हा त्यांच्यावर टीका झाली. त्या टीकेत तथ्यही होते. ज्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले, त्याच सरकारच्या खुर्चीवर ते बसले होते. परंतु फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी होमी मोदी व नलिनीरंजन सरकार यांच्यासह त्यांनी राजीनामा दिला. मतभेद असूनही मोक्याच्या क्षणी उठून उभे राहण्याचा पुसदचा स्वभाव त्यांनी तेव्हाही सोडला नव्हता.

त्यानंतर ते सिलोनमध्ये भारत सरकारचे प्रतिनिधी होते. घटना समितीचे सदस्य, १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल आणि वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर १९६२ मध्ये नागपूरहून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून आलेले खासदार, अशी त्यांची वाटचाल राहिली. विदर्भाच्या वेगळ्या राज्याचा त्यांनी अखेरपर्यंत पुरस्कार केला. उतारवयात त्यांनी लोकमान्यांचे चरित्र संस्कृत काव्यात रचले. श्रीतिलकयशोऽर्णव या ग्रंथाला त्यांच्या निधनानंतर, १९७३ मध्ये, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २६ जानेवारी १९६८ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण सन्मान जाहीर झाला होता.

संस्कृत पंडित, कायदेपटू, राज्यपाल ही बापूजींची ओळख ग्रंथांत आणि संस्थांच्या नावांत टिकून आहे. पुसद परिसरातील शेतकऱ्यासाठी मात्र त्यांचे मोठेपण याहून साधे आहे. मोठ्या साम्राज्यापुढे उभे राहताना त्यांनी असे हत्यार निवडले, जे विकत घेण्याची कुवत नाही असे घर या जिल्ह्यात नव्हते.