वृद्धांची सेविका संत झान जुगां : अल्पचरित्र

फ्रान्स देशाच्या वायव्य टोकास ब्रिटनी नावाचा प्रांत असून त्याच्या समुद्रकाठी कांकाल हे कोळ्यांचे गाव आहे. तेथे 25 ऑक्टोबर 1792 रोजी झान जुगां हिचा जन्म झाला. तो राज्यक्रांतीचा धामधुमीचा काळ होता. धर्मगुरूंस लपून राहावे लागे आणि मुलांस प्रार्थना शिकवावयाच्या त्या घरातील बायांनीच, दारे लावून. झान साडेतीन वर्षांची असता बाप मासेमारीस गेला तो परत आला नाही. आईने मोलमजुरी करून लेकरे वाढविली. झान गुरे राखी व विणकाम करी. पुढे सोळाव्या वर्षाच्या सुमारास ती एका सरदार घराण्याच्या स्वयंपाकघरात कामास लागली. एका खलाशाने तिला मागणी घातली होती. ती तिने नाकारली.

1817 साली ती सें-सेर्वां या बंदराच्या गावी आली. तेथील इस्पितळात तिने सहा वर्षे रोग्यांची शुश्रूषा केली व प्रकृती ढासळल्यावर लेकॉक नावाच्या एका सुशील बाईंकडे ती सेवेस राहिली. मालकीण व मोलकरीण हे नाते तेथे नावापुरतेच उरले. दोघी मिळून मिस्सेस जात, मुलांस धर्मशिक्षण देत आणि गोरगरिबांच्या घरी जाऊन त्यांचा समाचार घेत. 1835 साली या बाई निवर्तल्या. तेव्हा झानबाई त्रेचाळिशीच्या घरात होत्या. स्वतःचे घर नाही, ठेव म्हणावी तर थोडकी. दोन सोबतिणींसह भाड्याच्या दोन खोल्यांत राहून धुणे-शिवण करावे, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

1839 च्या हिवाळ्यात जे घडले त्यावर आपण थोडे थांबू. आन शोव्हें नावाची एक म्हातारी विधवा गावात होती; दृष्टी गेलेली, अंग अर्धे लुळे पडलेले, आणि पाहणारे कोणी उरले नव्हते. झानबाईंनी तिला उचलून जिन्याने वर आणले, आपल्या बिछान्यावर निजविले आणि स्वतः माळ्यावर निजावयास गेल्या. लवकरच दुसरी म्हातारी आली. 1841 साली मोठी जागा घ्यावी लागली व तेथे बारा जणी राहिल्या. पुढल्या वर्षी एक जुना मठ विकत घेण्यात आला.

पुष्कळ ठिकाणी आश्रम म्हणजे भिंती व पत्र्याचे छप्पर असे समजतात. या बाईंची समजूत निराळी होती. त्यांच्या घरातील म्हाताऱ्या बाया लोकर पिंजत, सूत कातीत, आणि त्यातून येणारा पैसा घरखर्चास लागे. कोणी फुकट पोसलेली नव्हती. जी ती त्या घरची होती. त्यांपैकी कित्येकींचा पूर्वी भीक मागण्याचा परिपाठ असे, व ठरलेली दाने बुडतील याची त्यांस काळजी वाटे. झानबाईंनी त्यांच्याकडून दात्यांची नावे विचारून घेतली व टोपली घेऊन त्या स्वतः त्या दारांशी गेल्या. जुने कापड, उरलेली भाकरी, लोकर, पैसा, जे मिळेल ते त्या घेत. मागण्याची लाज त्यांस वाटत नसे असे नव्हे. ती त्यांनी गिळली. अशा रीतीने सारा गावच त्या घराचा भागीदार झाला.

1845 साली फ्रेंच अकादमीने त्यांस 3000 फ्रँकांचे मोंतियों पारितोषिक दिले. परंतु त्याआधीच एक विपरीत गोष्ट घडून गेली होती. 1843 च्या डिसेंबरात भगिनींनी झानबाईंस पुन्हा प्रमुख निवडले असता, त्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू ल पाय्यर यांनी पंधरा दिवसांतच ती निवड रद्द केली आणि मारी जामे या तरुण भगिनीस त्या जागी बसविले. पुढे तर आपणच या संघाचे संस्थापक असे हे गृहस्थ म्हणवू लागले. आम्हीही धर्मगुरूच आहो, म्हणून हे झाकून ठेवणे आम्हांस अधिकच अप्रशस्त वाटते. झानबाईंनी वाद घातला नाही. रेन, दिनां, तूर, आंझे या शहरांतून टोपली घेऊन फिरत त्यांनी नवी घरे उभी केली. 1852 साली त्यांस मातृमठात बोलावून घेण्यात आले आणि मागण्याचे कामही गेले. पुढली सत्तावीस वर्षे त्या कोपऱ्यात राहिल्या, बहुतेक काळ सें-पेर्न येथे, उमेदवार भगिनींच्या मेळ्यात. त्या तरुण मुलींस ही उंच, पांढऱ्या केसांची म्हातारी कोण हे ठाऊकही नव्हते.

एकदा मात्र त्यांचे मत विचारले गेले. 1865 साली कायमच्या उत्पन्नाच्या देणग्या घ्याव्यात की नाही असा प्रश्न निघाला. घेऊ नयेत, असा त्यांचा कौल पडला व संघाने तसेच ठरविले. धनिकाने आपल्या संपत्तीतून आसरा उभारावा हाही मार्ग आहेच. झानबाईंच्याच जन्मवर्षी बगदादेस जन्मलेले व 1864 साली पुण्यात निवर्तलेले डेव्हिड ससून यांच्या नावाचे अनाथ पंगुगृह आपल्या नव्या पेठेत आहे. निवारा या नावाने पुणेकर ते ओळखतात. परंतु मोठी ठेव असली की शेजाऱ्यांनी दररोज मूठभर देण्याचे कारण उरत नाही, आणि मग म्हाताऱ्यांस भेटावयास तरी कोण येणार? पहिल्या शुक्रवारी आजारी वृद्धांस ख्रिस्तशरीर देण्यास आम्ही घरोघर जातो, तेव्हा मुले परदेशी असलेली कित्येक आजी-आजोबा आमचा हात लवकर सोडीत नाहीत. त्यांच्या घरात धान्याची वाण नसते.

29 ऑगस्ट 1879 रोजी झानबाई देवाघरी गेल्या. त्याच वर्षी परमगुरू तेरावे लिओ यांनी संघाच्या नियमांस मान्यता दिली होती. तेव्हा सुमारे 2400 भगिनी व 177 घरे होती. थडग्यावर त्यांस संघाची तिसरी भगिनी म्हटले गेले. 1890 साली रोमने ल पाय्यर यांस बोलावून घेतले व खरा वृत्तान्त हळूहळू उजेडात आला. 1982 साली झानबाईंस धन्य व 11 ऑक्टोबर 2009 रोजी परमगुरू सोळावे बेनेडिक्ट यांनी संत म्हणून घोषित केले.

त्यांच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, 1882 साली, दीनांच्या लहान भगिनी कलकत्त्यास उतरल्या. पुढे मुंबईस अंधेरी येथे व आपल्या पुण्यात पदमजी पार्क येथे त्यांनी वृद्धांसाठी घरे चालविली. इतर धर्मभगिनींच्या तीन व्रतांखेरीज त्या चौथे एक व्रत घेतात, ते आतिथ्याचे.