साडेतीन मिनिटांची ओवाळणी

दिवाळी तोंडावर आली, की आपल्या बायकांच्या डोक्यात दोन याद्या सुरू होतात. एक फराळाची आणि दुसरी देण्याघेण्याची. पहिली यादी दरवर्षी तीच असते. दुसरी मात्र डोकं खाते. कुणाला काय दिलं होतं, कुणाकडून काय आलं होतं, तेच फिरून त्याच घरी तर जात नाही ना, हे सगळं लक्षात ठेवावं लागतं. कपाटं भरलेली आहेत, भांडी माळ्यावर आहेत, मिठाईचे डबे बघून तर हल्ली लोक मधुमेहाच्या गोळ्यांची आठवण काढतात.

मी काही वर्षांपासून एक सोपा मार्ग काढला आहे. जवळच्या माणसांना मी गाणं भेट देते. पूर्वी कॅसेट द्यायची, मग सीडी आली. आता घराघरातून सीडी लावायचं यंत्रच गेलं, तेव्हा पेनड्राइव्हवर देते किंवा मोबाइलवर पाठवते. पण नुसतं पाठवत नाही. सोबत कागदावर चार ओळी लिहून देते. गाणारी कोण, राग कुठला, कधी ऐकावं, काय ऐकावं. कागद नसला तर ते गाणं रोज येणाऱ्या शंभर निरोपांसारखं वाहून जातं.

मागच्या दिवाळीत माझ्या नणंदेला मी केसरबाई केरकरांची भैरवी दिली. ती तालुक्याच्या गावी राहते, घरचं आणि शेतीचं दोन्ही बघते. शास्त्रीय संगीताशी तिचा संबंध दिवाळी पहाटेच्या कार्यक्रमापुरता. भाऊबीज झाल्यावर चार दिवसांनी तिचा फोन आला. गाणं कळलं नाही म्हणाली, पण चार वेळा ऐकलं. आणि मग तिनं विचारलं, की ही बाई होती तरी कोण? इतक्या तोऱ्यात गाते, जशी काही तिला कुणाची पर्वाच नाही!

नणंदेनं अगदी नेमकं ओळखलं होतं. कागदावरच्या चार ओळींत मावणारी ही बाई नव्हे. म्हणून आज तुम्हा सगळ्यांनाच तिची गोष्ट सांगते.

केसरबाईंचा जन्म 13 जुलै 1892 चा, गोव्यातल्या फोंडा तालुक्यातल्या केरी गावचा. त्या कलावंत समाजातल्या. देवळाच्या आणि धनिकांच्या आश्रयानं गाणारा-नाचणारा हा समाज. या घरांतल्या मुलींना गाणं शिकायची मुभा होती, जी तेव्हा तुमच्या-माझ्या पणजीला नव्हती. पण त्या मुभेची किंमतही मोठी होती. गाणाऱ्या बाईचं गाणं लोकांना हवं असायचं, तिला मान मात्र द्यायचा नसायचा. ज्यानं पैसे टाकले त्यानं फर्माईश करायची आणि तिनं गायचं, अशी रीत.

केसरबाई आठ वर्षांच्या असताना घरचे त्यांना घेऊन कोल्हापूरला आले. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने तालीम मिळाली. मग परत गोवा, तिथे रामकृष्णबुवा वझ्यांकडे शिक्षण. सोळाव्या वर्षी आई आणि मामाबरोबर त्या मुंबईला आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास या धनिकाच्या मदतीनं पतियाळा दरबारचे सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिकल्या, तेही सलग नाही, अधूनमधून. पुढे ते म्हैसूरला गेले. मग थोडे दिवस भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा. म्हणजे बघा, पंधरा-वीस वर्षं शिकणं चालूच, पण एका जागी ठरून कुठे नाही. दर वेळी गुरू बदलायचा, गाव बदलायचं, शिकवलेलं अर्धं राहायचं. शिकणाऱ्या मुलीच्या जिवाची किती ओढाताण झाली असेल, याचा विचार करा.

शेवटी 1921 साली त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या झाल्या. तेव्हा केसरबाई 29 वर्षांच्या होत्या आणि खाँसाहेब पासष्टी ओलांडलेले. खाँसाहेब म्हणजे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारचे गवई, जयपूर-अत्रौली घराण्याचे मूळ पुरुष. तरुणपणी अती गाऊन त्यांचा आवाज बसला होता. तो पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही, म्हणून आहे त्या आवाजाला शोभेल अशी नवीन गायकीच त्यांनी रचली. मोकळा आकार, लांब दमसास, लयीला धरून गोफासारख्या विणत जाणाऱ्या ताना आणि दुसरं कुणी फारसं न गाणारे अनवट राग. ऐकायला भारदस्त आणि गायला महाकठीण.

29 व्या वर्षी, तोवर शिकलेलं बाजूला ठेवून पुन्हा पाटी कोरी करायची म्हणजे गंमत नाही. केसरबाईंनी ती केली. पुढची अकरा वर्षं त्यांची कडक तालीम चालली. 1930 च्या सुमाराला त्या मैफली करू लागल्या, तरी शिकणं थांबलं नाही. खाँसाहेब 1946 साली गेले, तोपर्यंत त्या त्यांच्या शिष्याच राहिल्या.

मग मात्र केसरबाईंनी ती जुनी रीतच उलटी केली. बिदागी त्या सांगतील ती. मैफलीत कुजबुज, उठबस त्यांना खपायची नाही. समोर राजा असो की शेटजी, ऐकायचं असेल तर नीट बसून ऐकायचं. त्यांच्या तऱ्हेवाईकपणाच्या कथा आजही जुने लोक चवीनं सांगतात. मला त्या कथांमध्ये तऱ्हेवाईकपणा कमी आणि हिशेब चुकता करणं जास्त दिसतं. पिढ्यान् पिढ्या ज्या घरच्या बायकांना हुकमावर गावं लागलं, त्यातल्या एकीनं ठरवलं, की माझं गाणं मी देईन तेव्हा मिळेल. बुवा असा वागला असता तर आपण त्याला करारी म्हटलं असतं.

मानही मिळाला. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांनी सूरश्री ही पदवी दिली. 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1969 मध्ये पद्मभूषण, त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं राज्यगायिका म्हणून गौरवलं. पण 1963-64 च्या सुमाराला, आवाज उतरणीला लागायच्या आत, त्यांनी जाहीर गाणं बंद केलं होतं. विद्या देण्याच्या बाबतीतही हात आखडताच. कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी तेवढ्या त्यांच्या एकमेव शिष्या. बाकी कितीतरी जणी उंबऱ्यावरून परत गेल्या असतील.

आता माझ्या भेटवस्तूकडे येते. जी बाई गाणं इतकं जपून द्यायची, तिचं गाणं आपल्या हाती लागलं कसं?

आपल्याकडे व्यावसायिक ध्वनिमुद्रण सुरू झालं 1902 साली कलकत्त्याला, आणि त्या पहिल्या मोठ्या कलावंतांमध्ये होत्या गौहरजान. मोठमोठे उस्ताद तेव्हा त्या भोंग्यासमोर गायला कचरत होते, तेव्हा गाणाऱ्या बायका पुढे झाल्या. याचा फायदा कुणाला झाला असेल तर घरातल्या बायकांना. मैफलीला जाणं त्यांच्या नशिबी नव्हतं. पण ग्रामोफोन दिवाणखान्यात वाजू लागला, की माजघरात भाकरी थापणाऱ्या बाईच्या कानावर ते सूर आपोआप यायचे. तिला ते कुणी द्यायची गरज उरली नव्हती.

केसरबाईंनी एच.एम.व्ही. आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही तबकड्या गायल्या. नट कामोद, कुकुभ बिलावल, मालकंस असे राग त्यांत आहेत. त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी, आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत जो राग तास-तासभर चालायचा, तो इथे दूध आटवून बासुंदी करावी तसा आटवावा लागायचा. आलाप थोडका, बंदिश, अंतरा, ताना आणि संपलं. चुकलं तर पुसून दुरुस्त करायची सोय नाही. मैफलीचं ध्वनिमुद्रण मात्र त्या कुणाला करू द्यायच्या नाहीत. तरीही काही खासगी मुद्रणं मागे राहिली आणि आज ती इंटरनेटवर सापडतात.

इथे एक सांगते. त्यांच्या गुरूंच्या, अल्लादिया खाँसाहेबांच्या आवाजाचं एकही ध्वनिमुद्रण नाही. त्यांचं गाणं कसं होतं हे आपल्याला कळतं ते केसरबाई, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गाण्यातून. म्हणजे ती साडेतीन मिनिटंसुद्धा नसती, तर आपल्याकडे केवढं थोडं उरलं असतं!

आणि आता या गोष्टीतली सगळ्यात मोठी ओवाळणी. 1977 साली अमेरिकेच्या नासा संस्थेनं व्हॉएजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. त्या प्रत्येकात सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे. वाटेत कधी कुणी भेटलंच, तर पृथ्वीवरची माणसं कशी होती हे त्यांना कळावं म्हणून. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या गटानं ती तयार केली. तीत 55 भाषांमधली अभिवादनं आहेत, त्यात आपली मराठीही आहे. आणि जगभरातलं मिळून सुमारे दीड तासाचं संगीत आहे. भारताच्या वाट्याला एकच जागा आली. रॉबर्ट ब्राउन या संगीताच्या अभ्यासकानं सुचवली ती केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची.

पण ती रेकॉर्ड तेव्हा बाजारातून गेलेली. शोधाशोध झाली. शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या विजेच्या उपकरणांच्या दुकानात, मागच्या बाजूला टेबलाखालच्या खोक्यात तिच्या तीन प्रती सापडल्या. परदेशात संसार थाटलेल्या कुणीतरी मिक्सर-इस्त्रीबरोबर आपल्याकडचं गाणंही विकायला ठेवलं होतं, म्हणून केसरबाई आकाशात गेल्या. मला या गोष्टीचं फार नवल वाटतं.

पहिलं यान 20 ऑगस्टला निघालं, दुसरं 5 सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, 16 सप्टेंबर 1977 रोजी, वयाच्या 85 व्या वर्षी केसरबाई गेल्या. 5 सप्टेंबरला सुटलेलं ते यान 2012 मध्ये सूर्याच्या प्रभावाच्या बाहेर पडलं आणि पृथ्वीपासून 2400 कोटी किलोमीटरच्या पलीकडे पोचलं. राजे-महाराजांना ताटकळत ठेवणाऱ्या बाईचं गाणं, ऐकणाऱ्याचा पत्ताच माहीत नसताना, विनामूल्य निघालं आहे. तिकडे केरी गावात त्यांच्या घराच्या जागी त्यांच्याच नावाची शाळा उभी राहिली.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा देण्याघेण्याच्या यादीत एखादं गाणं घालून बघा. हजारो गाणी भरलेला रेडिओसारखा डबा मिळतो, तो वडीलधाऱ्यांना छानच. पण एकच गाणं निवडून दिलं, तर आपण त्या माणसाचा विचार केला हे त्याला कळतं. केसरबाई द्यायच्या असतील तर त्यांनी स्वतः तबकडीसाठी गायलेलं द्या. चोरून टिपलेल्या मैफली अभ्यासकांनी ऐकाव्यात. मी मात्र त्या भेट देत नाही, कारण जे त्यांनी दिलं नाही ते मी कुणाच्या हातावर कसं ठेवू?

सोबतच्या कागदावर एवढंच लिहा. राग भैरवी, मैफलीच्या शेवटी गातात, सकाळीही गोड लागते. पहिल्यांदा ऐकताना शब्द शोधू नका, नुसता आवाज ऐका, किती सरळ आणि न थरथरता येतो तो. दुसऱ्यांदा श्वास कुठे घेतला ते शोधा, सहज सापडायचा नाही. जमलं तर भाऊबीजेला, पानं वाढायच्या आधी, सगळ्यांचे मोबाइल बाजूला ठेवायला लावून एकत्र ऐका. खरखर येईल, ती येऊ द्या. साडेतीन मिनिटं कुणी कुजबुजायचं नाही, एवढी एकच अट घाला. ही अट त्यांचीच आहे, आणि ती पाळली तर श्रीखंडही काही आंबट होत नाही.