सर जेम्स मरे : शब्दांचा इतिहासकार

इंग्रजीच्या तासाला 'बँक' हा शब्द आला म्हणजे मुलें बुचकळ्यांत पडतात. एका धड्यांत त्याचा अर्थ नदीचा कांठ, दुसऱ्यांत पैसे ठेवण्याची पेढी; विमानाच्या वर्णनांत तोच शब्द क्रियापद होऊन विमानाचें एका अंगावर कलणें दाखवितो, आणि रुग्णालयांत तो रक्ताच्या सांठ्याला लागतो. कोशांत हे सारे अर्थ अनुक्रमांक लावून ओळीनें मांडलेले असतात. ते तसे कोणीं मांडले, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. या कामीं ज्यांनीं आयुष्याचीं छत्तीस वर्षें वेंचिलीं, त्या सर जेम्स मरे यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळ डेनहोम नांवाचें खेडें आहे. तेथें ता. ७ फेब्रुवारी १८३७ रोजीं एका शिंप्याच्या घरीं जेम्सचा जन्म झाला. घरची स्थिति बेताची. चौदाव्या वर्षीं शाळा सुटली, पण शिकणें सुटलें नाहीं. फुलें, दगड, जुनीं थडगीं आणि परक्या भाषा या सर्वांचा त्याला सारखाच नाद होता. गांवच्या गाईंना लॅटिन हांकांना ओ देण्यास शिकविण्याचा त्यानें प्रयत्न केला असें सांगतात. शिष्य म्हणून गाई फारशा होतकरू निघाल्या नसाव्यात! सतराव्या वर्षीं जवळच्या हॉइक गांवीं तो शिक्षक झाला आणि विसाव्या वर्षीं तेथल्याच एका शाळेचा मुख्याध्यापक.

१८६२ सालीं मरे यांचा विवाह मॅगी स्कॉट या संगीतशिक्षिकेशीं झाला. त्यांची मुलगी तान्हेपणींच वारली व पत्नीस क्षयानें गांठलें. फ्रान्सच्या दक्षिणेस उबदार हवेंत न्यावें असें वैद्यांनीं सुचविलें. परंतु शिक्षकाच्या पगारांत तें कोठून जमणार? तेव्हां निदान लंडनची हवा तरी मानवेल या आशेनें १८६४ सालीं मरे यांनीं मुख्याध्यापकाची जागा सोडली आणि लंडनमध्यें ते एका बँकेंत कारकून झाले. ही बँक म्हणजे 'चार्टर्ड बँक ऑफ इंडिया, ऑस्ट्रेलिया अँड चायना'. हिची शाखा मुंबईंत १८५८ सालींच उघडली होती. दुसऱ्या वर्षीं मॅगी निवर्तली. मरे मात्र त्याच मेजापाशीं १८७० पर्यंत बसून राहिले.

दिवसा हिशेब आणि रात्रीं भाषा, असा त्यांचा क्रम चालू होता. १८६६ सालीं त्यांनीं ब्रिटिश म्यूझियममध्यें नोकरीसाठीं अर्ज केला. त्यांत आपल्याला कमीअधिक परिचित असलेल्या भाषा त्यांनीं नोंदविल्या होत्या : लॅटिन, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, जर्मन, हिब्रू, सीरियन, रशियन, फारसी, आणि थोडीशी आपली संस्कृतही. जागा मिळाली नाहीं! पुढल्या वर्षीं एडा रुथ्वेन यांच्याशीं त्यांचा दुसरा विवाह झाला. या सुखी संसारांत त्यांना अकरा मुलें झालीं. १८७० सालीं ते मिल हिल येथील शाळेंत पुन्हां शिक्षक झाले.

इंग्रजी भाषेचा एक नवा कोश करावा असा विचार लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटींत १८५७ पासून घोळत होता. प्रत्येक शब्दाचा प्रत्येक अर्थ प्रथम केव्हां आढळतो, मग त्याला कोणते फांटे फुटतात, हें पुस्तकांतील दाखल्यांनिशीं दाखवावयाचें, अशी ती कल्पना. वाचकांनीं ग्रंथ वाचावे, लक्षांत भरलेलें वाक्य एका चिठ्ठीवर उतरावें, ग्रंथाचें नांव व साल लिहून तें पाठवावें. पहिले संपादक हर्बर्ट कोलरिज हे तिशींतच वारले. दुसरे फर्निव्हल हे उत्साही खरे, पण अव्यवस्थित. ता. १ मार्च १८७९ रोजीं ऑक्सफर्डच्या छापखान्याशीं करार होऊन तें ओझें मरे यांच्या खांद्यावर आलें. मुदत दहा वर्षांची होती.

मरे यांच्या दारांत सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यांत मेलेला उंदीर निघाला, दुसऱ्यांत उंदरीण पिलांसह नांदत होती. एका अक्षराचीं पुडकीं फ्लॉरेन्स शहरीं सांपडलीं. दुसऱ्या कांहीं चिठ्ठ्या आयर्लंडांत एका तबेल्यांत होत्या, त्यांतील बहुतेक विस्तव पेटविण्याच्या कामीं आल्या होत्या. मरे यांनीं अंगणांत पन्हळी पत्र्याची एक खोली बांधली, तिच्या भिंतींना १०२९ खण केले, आणि नव्यानें वाचक मिळविण्यासाठीं इंग्लंड, अमेरिका व वसाहतींतून आवाहन केलें. घरचीं मुलेंही खाऊच्या पैशांसाठीं चिठ्ठ्या अक्षरवार लावूं लागलीं.

आतां आपल्या 'बँक' शब्दाकडे वळूं. १८८५ सालीं निघालेल्या दुसऱ्या भागांत तो आला. चिठ्ठ्या वेगळ्या करतां करतां असें दिसतें कीं, हा एक शब्द नसून तीन वाटांनीं इंग्लंडांत शिरलेलीं एकाच घराण्यांतील तीन भावंडें आहेत. पहिला उत्तरेकडून, स्कँडिनेव्हियाच्या लोकांच्या बोलींतून आला. त्याचा अर्थ मातीचा उंचवटा. त्यावरून नदीचा कांठ आणि समुद्रांतील वाळूचा दांडा. दुसरा फ्रेंचांकडून आला. त्याचा अर्थ बसावयाचें बाक. त्यावरून गलबतांतील वल्हेकऱ्यांची रांग. तिसराही फ्रेंचांच्याच हातून आला, पण त्याचें माहेर इटली. तेथले सराफ बाजारांत लांब मेज मांडून नाणीं मोडून देत. त्या मेजास 'बांका' म्हणत, आणि मेजाचें नांव धंद्यास मिळालें. तिघांचेंही मूळ जर्मानिक कुळांतील एका जुन्या शब्दांत असून 'बेंच' हा त्यांचा सख्खा भाऊ होय. दिवाळखोरास इंग्रजींत 'बँकरप्ट' म्हणतात. त्याच्या मूळ इटालियन रूपाचा शब्दशः अर्थ मोडलेलें बाक असा होतो. मेजवानीचें 'बँक्वेट' हें नांवही एका लहानशा बाकावरून पडलें.

प्रभु येशूनें मंदिरांतील सराफांचे चौरंग उलथून टाकले, ही शुभवर्तमानांतील कथा आपण वाचतों. त्या काळच्या त्या बँकाच होत्या! मूळ ग्रीक पाठांत तेथें आलेल्या 'त्रापेझा' या मेजवाचक शब्दानेंच ग्रीक लोक आजही बँकेला ओळखतात. इतकेंच नव्हे, तर वर्गांत विद्यार्थी ज्यावर बसतात तें मराठी बाकही याच घराण्यांतलें. पोर्तुगीजांच्या 'बांको' शब्दाबरोबर तें आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलें. सहा वर्षें बँकेच्या मेजापाशीं बसलेल्या माणसाच्या हातून या मेजाचा इतिहास लिहिला जावा, हा योगायोग मला मोठा गोड वाटतो.

अशा पद्धतीनें काम भराभर कसें व्हावें? पहिला ३५२ पानांचा भाग निघण्यास १८८४ साल उजाडलें, आणि त्यांत पहिलें अक्षरसुद्धां संपलें नव्हतें. छापखान्याचे चालक वारंवार घाई करीत. १८८३ सालीं तर विद्यापीठाच्या एका अधिकाऱ्यानें मरे यांच्या प्रस्तावनेंतही हात घातला, तेव्हां ते राजीनामा देण्यास सिद्ध झाले होते. १८८५ सालीं ते सहकुटुंब ऑक्सफर्डला राहावयास गेले. शेजाऱ्यांच्या नजरेस खुपूं नये म्हणून तेथील पत्र्याची खोली जमिनींत तीन फूट खोल बसविली होती. हिंवाळ्यांत मरे कोट घालून, पाय एका खोक्यांत ठेवून लिहीत. टपाल इतकें कीं सरकारनें त्यांच्या दारासमोरच टपालपेटी उभारली.

मदतनिसांत डॉ. विल्यम मायनर नांवाचे एक अमेरिकन शस्त्रवैद्य होते. त्यांचा जन्म सिंहलद्वीपांत मिशनरी आईबापांच्या पोटीं झाला होता. पुढें वेडाच्या भरांत त्यांच्या हातून लंडनमध्यें एका निरपराध मजुराची हत्या झाली व १८७२ पासून ते ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या रुग्णालयांत बंदिस्त होते. तेथून त्यांनीं हजारों दाखले पाठविले. मरे त्यांस भेटावयास जात आणि त्यांना मित्राप्रमाणें वागवीत.

एवढी दक्षता घेऊनही एक शब्द निसटलाच. दासी या अर्थाचा 'बाँडमेड' हा शब्द इंग्रजी पवित्र शास्त्रांत आहे. त्याच्या चिठ्ठ्या कोठें तरी गहाळ झाल्या आणि खंड छापून गेल्यावर ही चूक ध्यानांत आली. मरे स्वतः भाविक ख्रिस्ती. पवित्र शास्त्रांतला शब्द आपल्याच कोशांत नसावा याची त्यांना किती चुटपुट लागली असेल! १९३३ च्या पुरवणींत तो एकदांचा जागेवर आला.

१९०८ सालीं मरे यांना 'सर' ही पदवी मिळाली. ता. २६ जुलै १९१५ रोजीं फुप्फुसाच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. तोंवर ते 'टी' या अक्षराच्या शेवटच्या शब्दांपर्यंत आले होते. ग्रंथाचीं निम्म्याच्या जवळपास पानें त्यांच्या एकट्याच्या संपादनाखालीं झालीं. चीन देशांत मिशनरी म्हणून राहिलेले पंडित जेम्स लेग हे त्यांचे जिवलग स्नेही. त्यांच्याच शेजारीं आपल्याला पुरावें अशी मरे यांची इच्छा होती, आणि ती पुरी करण्यांत आली. ब्रॅडली, क्रेगी व अनियन्स या सहसंपादकांच्या हातून उरलेलें काम १९२८ सालीं तडीस गेलें : ४,१४,८२५ शब्द आणि अठरा लक्षांहून अधिक अवतरणें.

विमानाचें कलणें आणि रक्ताची बँक हे दोन अर्थ मरे यांच्या 'बँके'त नाहींत, कारण १८८५ सालीं ते जन्मलेच नव्हते. रक्ताच्या सांठ्याला हें नांव शिकागोच्या एका रुग्णालयांत १९३७ सालीं मिळालें. पुढल्या संपादकांनीं त्याचीही चिठ्ठी करून ती यथास्थान लाविली.