मेजर कँडी आणि माझा ओढलेला पाय

आमच्या करजगीत माणूस दोन भाषांत वाढतो. घरात मराठी, शाळेत आणि बाजारात कानडी, शिवाय अक्कलकोट-सोलापूरला जाणं-येणं असतंच. तिसरी भाषा इंग्रजी, ती फक्त पुस्तकातली. त्यामुळे कॉलेजात भाषांतराच्या पहिल्याच चाचणीत माझी फजिती झाली. 'पुलिंग माय लेग' याचं मराठी मी ठोकून दिलं: 'माझे पाय ओढतो आहे'. शब्दन् शब्द बरोबर! पण आपल्याकडे पाय ओढतात ते वर चढणाऱ्याला खाली आणायला, जळून. इंग्रजीत ती नुसती थट्टा आहे. माझ्या उत्तरात बिचाऱ्या मित्राचा पार वैरी झाला. सरांनी गुण कापले आणि कँडीचा कोश उघडून बघ म्हणून सांगितलं. कोश उघडला खरा, पण मी अडकलो तो कोश करणाऱ्या माणसात.

थॉमस कँडी यांचा जन्म १८०४ चा, इंग्लंडातला. जॉर्ज हा त्यांचा जुळा भाऊ. थॉमस १८२२ साली कंपनी सरकारच्या लष्करी नोकरीत हिंदुस्थानात आले आणि इथली भाषा शिकून दुभाष्याचं काम करू लागले. त्याच सुमारास जेम्स मोल्सवर्थ या दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्याने मराठी-इंग्रजी कोशाचं काम हाती घेतलं होतं. दोघे कँडी बंधू त्यांच्या मदतीला गेले. सोबत शास्त्रीमंडळी होतीच, आणि खरं सांगायचं तर शब्दांचा खजिना त्यांच्याकडेच होता. हा कोश १८३१ साली बाहेर पडला.

त्यातला 'हात' हा शब्द एकदा काढून बघा. हात देणं, हात मारणं, हात टेकणं, हात दाखवणं... संपता संपत नाही. 'पोट' आणि 'तोंड' यांचीही तीच गत. शब्दाचा अर्थ एका ओळीत सांगून मोकळं होता येतं, पण तो शब्द माणसं कशाकशाशी जोडून वापरतात हे टिपायचं तर लोकांच्या बोलण्याला कान लावावा लागतो. ते या मंडळींनी केलं.

खरी कसोटी पुढे होती. उलट्या दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश सुरू झाला आणि १८३६ मध्ये तब्येत बिघडल्यामुळे मोल्सवर्थ मायदेशी परतले. अर्धवट काम कँडीसाहेबांच्या अंगावर पडलं. ते त्यांनी तडीस नेलं, कोश छापून निघाला १८४७ साली. मधली अकरा वर्षं! इथे इंग्रजी वाक्प्रचार समोर ठेवायचा आणि त्याचा मराठी जोडीदार शोधायचा. कधी तो आयता मिळतो. इंग्रज माणूस पावसात कुत्री-मांजरं पाडतो, आपण मुसळं पाडतो, भागलं. कधी मिळतच नाही, मग अर्थ उलगडून सांगावा लागतो. सगळ्यात वाईट म्हणजे दिसायला जुळा आणि अर्थाने परका, माझ्या पायासारखा.

आम्हा सीमेवरच्या पोरांना याची चांगली ओळख आहे. 'गिव्ह अ हँड' म्हणजे मदत करणं, मराठीत 'हात देणं' म्हणजेही तेच. पण कानडीत 'कै कोडु', शब्दशः हात देणं, म्हणजे ऐन वेळी दगा देणं! एकाच गावात तोच हात मराठीत तारतो आणि कानडीत बुडवतो. 'तले तिन्नु' मात्र सरळ आपलं डोकं खाणं.

पुण्यात कँडीसाहेब संस्कृत पाठशाळेचे आणि पुढे पुणे कॉलेजचे प्रमुख होते. १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात जोतीराव फुल्यांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, तो यांच्याच हस्ते. आज आपण सहज देतो ती स्वल्पविराम, अर्धविराम वगैरे चिन्हं मराठीत रुळवण्यासाठी त्यांनी १८५० साली पुस्तिका काढली. नंतर ते सरकारचे मराठी भाषांतरकार झाले. शाळेची पुस्तकं त्यांच्या नजरेखालून जाऊ लागली, मदतीला परशुरामतात्या गोडबोल्यांसारखे पंडित होते.

इथे माझं थोडं वाकडं आहे. एवढे वाक्प्रचार जमवलेल्या माणसाने तपासलेलं मराठी पुष्कळदा इंग्रजी वळणाने चालतं. ते नीटनेटकं असतं, चुका सापडत नाहीत, पण घरात कुणी तसं बोलत नाही. पुढच्या मराठी लेखकांनाही ते खटकलं. एकेक वाक्प्रचार पकडता येतो, वाक्याची चाल हातातून निसटते, असं काहीसं झालं असावं. अर्थात दोष द्यायला मी कोण? 'प्रकाश टाकणे', 'पांढरा हत्ती', 'नक्राश्रू' ही इंग्रजी वळणाची मंडळी माझ्या निबंधांतही बिनधास्त वावरतात.

मोल्सवर्थ परत आले, त्यांच्या कोशाची वाढीव आवृत्ती १८५७ मध्ये निघाली. इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती १८७३ ची. तेव्हा कँडीसाहेब सत्तरीच्या उंबरठ्यावर होते. १८७७ साली महाबळेश्वरला त्यांचं निधन झालं. या मुलखात पाऊल ठेवलं त्याला तेव्हा पंचावन्न वर्षं झाली होती.

माझ्या चाचणीचं उत्तर मला दिवाळीच्या सुट्टीत मिळालं. बसस्टँडवर एक मित्र दुसऱ्याला खोटीच बातमी रंगवून सांगत होता. तो ऐकणारा वैतागून म्हणाला, की लेका, माझी फिरकी घेतोस काय. मी तिथेच वही काढली.